वेगळा विषय, वेगळा अर्ज

पहिला अर्ज मी फार लवकर टाकला असं वाटलं होतं.
टाकीचं काँक्रीट अजून ओढ्यात पडलेलं,
भरमाणीच्या चपला पंपघराच्या दारात तशाच,
आणि मी खानापूरच्या पोस्टात
दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर मागत उभी.

तारीख तीन जून.

एकतिसाव्या दिवशी साहेबांनी सही केली,
लखोटा घरी यायला आणखी आठवडा.
कन्नडात होता. गंगव्वानं चुलीपुढं बसून वाचला.
'तनिखे,' ती म्हणाली,
मला आधी तनखा ऐकू आलं,
वाटलं, भावाचा थकलेला पगार देतायत.
'नाही गे, तनिखे म्हणजे चौकशी.
चौकशी चालू आहे, माहिती देता येत नाही.'

मग थांबले.
लोक म्हणाले थांब, निवडणूक होऊ दे.
लोक म्हणाले थांब, हे साहेब जाऊ देत.
गर्लगुंजीची रोझाबाई अशीच थांबली होती,
नवऱ्याच्या अपघाताचे कागद मागायला सात वर्षं.
तिला उत्तर आलं: मुदत संपल्याने नष्ट केले.
नष्ट केल्याची तारीख मात्र नीट लिहिली होती,
खाली गोल शिक्का.

म्हणजे लवकर जावं तर दार बंद,
उशिरा जावं तर आत राख.
मधला दिवस कुठल्या कॅलेंडरात असतो?

कल्लाप्पा मुचंडी कचेरीच्या कंपाउंडला लागून बसतो.
दोन टंकयंत्रं. कन्नडचं दिवसभर वाजतं,
मराठीच्या यंत्रावर तो जेवणाचा डबा ठेवतो.
माझं सगळं ऐकलं, पान थुंकला, म्हणाला,
'तू कौलांच्या भट्टीवर हाय नव्हं?
भट्टी उघडायची कधी, कसं कळतंय?'
'बाहेरच्या विटेला हात लावून.'
'मग हातच लाव की आधी.
दार कशाला फोडतीस?'

आमच्याकडं नियम असा:
एक अर्ज, एक विषय, शब्द दीडशे.
आम्ही अहवाल मागितला नाही.
सिमेंट कुणाचं, सळ्या किती, पहिल्यांदा पाणी भरताना
एकट्या वॉटरमनला वर कुणी चढवलं,
यातलं काहीच नाही.
फक्त विचारलं: चौकशी संपली काय,
संपली असल्यास अहवाल कोणत्या तारखेला दिला.
कल्लाप्पानं बोटांवर मोजले. वीस शब्द.
उरलेले एकशेतीस
मी पिशवीत घालून परत आणले.

या खेपेला सव्वीस दिवस लागले.
एकच ओळ. गंगव्वा शेतात होती,
पण आकडे वाचायला मला ती लागत नाही.

एकोणीस जून.

पत्र्याच्या पेटीतून जुनं पत्र काढलं,
दोन्ही कागद चटईवर शेजारी ठेवले.
एकोणीस जूनला संपलेली चौकशी
चार जुलैला चालू होती.
वर्षभर मी स्वतःला घाईची समजत होते.
सासूलाही तेच सांगितलं होतं, माझीच चूक झाली.
सोळा दिवसांत माणूस मोजून झाला त्यांचा,
आमच्यात तर बाराव्यानंतर जरा कुठं
लोक नीट बोलायला लागतात.

कल्लाप्पानं कागद उन्हात धरले,
एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.
डबा उचलून खाली ठेवला, उगाच,
अपील तर कन्नडातच करायचं होतं.
'वीट?' त्यानं विचारलं.
'गार,' मी म्हटलं.

आज शनिवार, दुसरा. कचेरी बंद.
सोमवारी पहिल्या बसनं जाईन,
एकशेतीस शब्द आहेत, पुरवून वापरीन.
भरमाणीच्या चपला अजून पंपघरातच आहेत.
पंचनाम्यात त्यांची नोंद आहे की नाही
हा वेगळा विषय.
त्याला वेगळा अर्ज,
वेगळे दहा रुपये.